रोलमधल्या उरलेल्या चौकटी

वृत्तपत्राच्या कचेरीत छायाचित्रकारासाठी एक वही असते. वृत्तसंपादक रात्री घरी जाण्यापूर्वी तिच्यात दुसऱ्या दिवसाची कामे लिहून ठेवतो. सकाळी दहाला जिल्हा परिषदेत आरोग्य शिबिराचे उद्घाटन, साडेअकराला एका शाळेचे स्नेहसंमेलन, एकला विश्रामगृहावर मंत्र्यांची पत्रकार परिषद, तीनला क्रांती चौकातून निघणारा मोर्चा, रात्री आठला कोणा प्रतिष्ठिताच्या घरचा स्वागतसमारंभ. आणि शेवटी ‘जमल्यास’ असे लिहून शहागंजच्या मंडईतील भाज्यांची आवक. १९८६ साली मी औरंगाबादेत एका दैनिकात लागलो तेव्हा वहीचे पान असे भरलेले असे. तेहतीस वर्षे मी त्या पानाबरहुकूम हिंडलो. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे आणि वहीच्या जागी मोबाईलवरचा संदेश आला आहे. पानावर काय चढते आणि काय चढत नाही, यात मात्र फारसा बदल झालेला मला दिसत नाही.

या विषयावर लिहावे असे वाटण्याचे कारण साधे आहे. शब्दांवर आपण पुष्कळ वाद घातले. ‘हरिजन’ म्हणावे की ‘दलित’, यावर पानेच्या पाने लिहिली गेली, आणि ती लिहायलाच हवी होती. छायाचित्राची वेळ आली की मात्र, जे होते तेच तर फोटोत आले आहे, असे म्हणून आपण पान उलटतो. वस्तुतः छायाचित्र छापून येईपर्यंत त्यावर निदान चार माणसांचे हात फिरलेले असतात, आणि त्या प्रत्येक हाताला मत असते.

वहीत आपली वस्ती केव्हा येते, हे मी काही काळ टिपून ठेवले होते. जयंतीला येते, मोर्चाला येते आणि अत्याचार झाला म्हणजे येते. चौदा एप्रिलला भडकल गेटजवळच्या पुतळ्यापुढची गर्दी, चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोरची गर्दी, आणि मधल्या काळात कुठेतरी जळालेले घर. नामांतर १९९४ साली झाले, त्याआधी सोळा वर्षे, म्हणजे १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावापासून, मोर्चे होतेच. ही कामे मी मनापासून केली. पण या तीन प्रसंगांच्या मध्ये आमची माणसे काय करतात, हे त्या वहीला ठाऊक नव्हते. बाकीच्या समाजाची लग्ने, बक्षिससमारंभ, पाककलेच्या स्पर्धा, आजोबांची पंचाहत्तरी, गल्लीतल्या मुलाचे विद्यापीठातले सुवर्णपदक असे सगळे पानावर येई. आमचा माणूस वर्तमानपत्रात यायला एक तर लाखांत मिसळलेला असावा लागे, नाहीतर मेलेला.

मग उरलेल्या चौकटींचा मार्ग सापडला. फिल्म महाग होती. शंभर फुटांचा डबा यायचा. पूर्ण अंधारात ती फिल्म कापून रिकाम्या कॅसेटांत भरायची. एका डब्यात ३६ चौकटींचे साधारण १८ रोल निघत. कधी उटीच्या कारखान्याची ‘इंदू’, कधी पूर्व जर्मनीची ‘ऑर्वो’. आमच्याकडे दिवसाला एक रोल असा नियम होता. पाच कामे, प्रत्येकाला सहा चौकटी, म्हणजे तीस झाल्या. राहिल्या सहा. रात्री रोल धुवायचाच असे. त्या सहा चौकटी कोऱ्या गेल्या काय नि भरल्या काय, कचेरीला सारखेच. मोर्चा संपल्यावर आणि स्वागतसमारंभ सुरू होण्यापूर्वी जो वेळ मिळे, त्यात मी सायकल वस्तीकडे वळवी आणि त्या सहा चौकटी तिथे खर्च करी.

त्यांत काय आहे? नळावर रांगेत ठेवलेले हंडे, आणि हंड्याच्या जागी राखणीला ठेवलेला दगड. विहाराच्या ओसरीवर दहावीची उजळणी करणारी मुले; दिवा एकच, म्हणून गोल करून बसलेली. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांना हार घालताना डोक्यावरचा पदर सावरणारी नवरी. वाळूजच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला माणूस, हँडलला अडकवलेला डबा. पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडया, त्यांच्यावर राखण करणारी आणि स्वतःच त्या मोडून खाणारी पोर. पहिल्यांदा गॅसची शेगडी पेटवताना मागे सरलेली बाई. यातले एकही छापून आले नाही. छापायला द्यावे असे मलाही पहिली काही वर्षे वाटले नाही, हेही इथे कबूल केले पाहिजे. बातमी म्हणजे काय, हे मीही त्या वहीतूनच शिकलो होतो.

कचेरीत लागण्याआधी चार वर्षे मी एका स्टुडिओत अंधारखोलीत होतो. मालक माणूस वाईट नव्हता, काम त्याने हातचे राखून न ठेवता शिकवले. पण कॅमेऱ्यामागे त्याने मला उभे केले नाही. पासपोर्टच्या फोटोसाठी गिऱ्हाइकाच्या हनुवटीला बोट लावून मान सरळ करावी लागते, आणि ते बोट कोणाचे, हे काही गिऱ्हाइके विचारीत.

आता थोडे तंत्राकडे वळतो. शिक्षकांनी आणि कॅमेरा हाती घेणाऱ्या मुलांनी हे समजून घ्यावे. चौदा एप्रिलच्या जुन्या वर्तमानपत्री छायाचित्रांत आपल्या बायाबापड्यांचे चेहरे काळ्या ठिपक्यांसारखे का दिसतात? कॅमेऱ्यातले प्रकाशमापक यंत्र समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. अठरा टक्के प्रकाश परतवणारा करडा, असा त्याचा हिशेब. समोर हजारो पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे आले, की यंत्राला वाटते उजेड फार झाला, आणि ते प्रकाश कमी करायला सांगते. साड्या करड्या होतात, सावळे चेहरे काळोखात जातात. त्यात एप्रिलचे ऊन डोक्यावर, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत सावली. पुढे वर्तमानपत्राच्या कागदावर छायाचित्र ठिपक्यांतून छापले जाते; इंचाला ६५ ओळींची भरड जाळी, शाई पसरून ठिपक्याला ठिपका चिकटतो. चेहऱ्यात जे थोडेफार उरलेले असते ते तिथे बुजते.

उपाय अवघड नाही. मापन गर्दीवर करू नये. स्वतःचा तळहात त्याच उन्हात धरून त्यावर करावे आणि भिंग एक स्टॉप अधिक उघडावे. साड्यांचा काठ थोडा उडाला तर उडू द्यावा. सकाळी नऊच्या आत किंवा लिंबाच्या सावलीत काढावे. आणि व्यासपीठावरून खाली उतरावे. हे शेवटचे तंत्रात मोडत नाही, पण सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो. व्यासपीठावरून समुदाय दिसतो, जमिनीवरून माणूस. मी १९८९ च्या सुमारास हे करू लागलो, तेव्हा वृत्तसंपादक म्हणाले, “अहो, संख्या दिसत नाही यात.” त्यांना संख्या हवी होती. आपल्या पुढाऱ्यांनाही संख्याच हवी असे, ही गोष्ट लपवून उपयोग नाही.

छायाचित्राखालच्या ओळीची कथा निराळी. तिला कचेरीत फोटोओळ म्हणतात आणि ती बहुधा छायाचित्रकार लिहीत नाही, उपसंपादक लिहितो. उद्घाटनाच्या छायाचित्राखाली ‘डावीकडून’ हा शब्द येतो, पुढे सात नावे, पदांसह. ती चुकली तर दुसऱ्या दिवशी दूरध्वनी येतो, म्हणून मी ती वहीत लिहून आणीत असे. पाणीटंचाईच्या छायाचित्राखाली ‘पाण्यासाठी वणवण करणारी महिला’. तिला डावे-उजवे नाही, नाव नाही, गाव असले तर असले. पुढे मी हिय्या करून नावे विचारू लागलो. एकदा एका मावशींना विचारले. त्या हंडा न उतरवताच म्हणाल्या, “नाव कशाला बाबा? रेशनच्या कार्डावर चढवतो का?” तरी त्यांनी सांगितले. मी लिहून दिले. छापताना जागा नाही म्हणून ते गळले.

फोटोओळ काय करू शकते याचा अनुभव मला १९९१ साली आला, आणि तो मी विसरलेलो नाही. एका गावात आमच्या लोकांवर बहिष्कार पडला होता. जयंतीच्या मिरवणुकीचा वाद. मजुरी बंद, दुकान बंद, गिरणी बंद. मी गेलो. आता प्रश्न असा, की बहिष्काराचा फोटो कसा काढायचा? आग दिसते, रक्त दिसते, मोडलेले दार दिसते. बहिष्कार म्हणजे काय होत नाही ते; आणि न होणारी गोष्ट कॅमेऱ्यात येत नाही. दुकानदार दुकानात बसलेला, गिरणी चालू, रस्ता शांत. पाहणाऱ्याला वाटावे, गाव सुखात आहे. दुपारपर्यंत माझी एकही चौकट खर्च झाली नव्हती. मग एका घराच्या पडवीत साठीच्या घरातली एक आजी जात्यावर ज्वारी दळताना दिसली. जाते वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडून होते, खुंटा नवा ठोकलेला. तिच्या मागे दोन पोती, गिरणीवरून परत आलेली, तोंडे बांधलेली. सून शेजारी बसून हाताच्या फोडांना तेल लावीत होती. मी चार चौकटी काढल्या. बहिष्कार माझ्या समजुतीने त्यांत पुरता आला होता.

कचेरीत दिल्यावर दोन दिवस काहीच झाले नाही. जागा नव्हती म्हणाले. काही महिन्यांनी संक्रांतीच्या पुरवणीत तीच आजी छापून आली. पोती कापलेली, सून कापलेली. फक्त जाते, हात आणि सुरकुतलेला चेहरा. खाली, यंत्रयुगातही जात्याचा वारसा जपणाऱ्या आजी, अशा अर्थाची ओळ. लोकांना छायाचित्र फार आवडले. माझे अभिनंदन झाले. ज्या माणसाने ते लावले त्याच्या मनात वाईट काही नव्हते. त्याला बहिष्काराची बातमी आठवतही नव्हती. आपली दुःखे अशी सुंदर होऊन छापून येतात, याचा राग कोणावर काढायचा हे मला त्या दिवशी कळेना.

दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. तिथेही असेच काहीसे घडले. लातूर-उस्मानाबादकडच्या त्या गावांत जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड छत, अशी घरे होती. ती आतल्या माणसांवर कोसळली. कुडाच्या नि पाल्याच्या हलक्या झोपड्या मात्र पुष्कळ ठिकाणी उभ्या राहिल्या. मला एके ठिकाणी ढिगारा झालेला वाडा आणि त्याच्या मागे, गावाच्या कडेला, शाबूत झोपडी एकाच चौकटीत मिळाली. झोपडीतला माणूस वाड्याचे दगड उपसत होता. कचेरीने ते नाकारले. विध्वंस हवा होता, आणि त्या छायाचित्रात काहीतरी उभे होते. ते लागले असते तर मराठवाड्यात घर कसे बांधावे याचीही चर्चा एखाद दिवस आधी सुरू झाली असती.

अत्याचाराच्या कामाबद्दल लिहिणे मला जड जाते. पहिल्या वर्षांत मी विचारीत नसे. वेळ नसे, आवृत्तीची घाई असे, शिवाय आपण आपल्याच माणसांसाठी काढतो आहोत असा एक समज होता. एका गावात एका मुलीच्या मृत्यूनंतर मी तिचे आणि आईचे छायाचित्र काढले, ते छापून आले. महिन्याने पुन्हा गेलो तेव्हा तिचा भाऊ म्हणाला, “आमच्या बहिणीला लोकांनी असंच ओळखावं का, साहेब?” आदल्या खेपेस तो मला ‘दादा’ म्हणाला होता.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्या वाचकांना परके वाटू नये. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्यावरून घेतले होते. १९५५ साली तिकडे मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा गोऱ्यांनी खून केला. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवायला लावली आणि विद्रूप झालेला तो चेहरा सगळ्यांनी पाहावा असा आग्रह धरला. ‘जेट’ या काळ्यांच्या साप्ताहिकाने ते छायाचित्र छापले आणि देश हादरला. दाखवावे की झाकावे, याचे एकच उत्तर नाही. पण तिथे ठरवणारी आई होती. आमच्याकडे ठरवणारा मी होतो, माझ्यानंतर वृत्तसंपादक, आणि आईला दुसऱ्या दिवशी अंक मिळाला की नाही हेही कोणी पाहिले नाही. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा १९८३ पासून गुन्हा आहे. तो आता भारतीय न्याय संहितेच्या बहात्तराव्या कलमात आहे. वस्तीतल्या तरुणांनी मोबाईलवरून असे छायाचित्र पुढे पाठवण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे. हेतू चांगला असल्याने कलम लागत नाही असे नाही.

त्याच अमेरिकेत पिट्सबर्ग शहरी चार्ल्स हॅरिस नावाचा छायाचित्रकार होऊन गेला. जन्म १९०८, मृत्यू १९९८. लोक त्याला ‘टीनी’ म्हणत. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या काळ्यांच्या वृत्तपत्रासाठी त्याने सुमारे चार दशके काम केले. त्याच्या कामांत मुष्टियोद्धे आणि पुढारी होते. पण चर्चमधली लग्ने, केशकर्तनालये, बेसबॉलचे संघ, वाढदिवस, शाळेच्या पायऱ्यांवरची पोरेही होती. एकाच फ्लॅशमध्ये काम उरकण्याच्या सवयीमुळे त्याला ‘वन शॉट’ हे टोपणनाव पडले. जवळजवळ ८० हजार निगेटिव्ह त्याने मागे ठेवल्या. त्या आता तिथल्या कार्नेगी कलासंग्रहालयात आहेत. पुष्कळांवर नावे नव्हती, म्हणून संग्रहालयाने वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलावून ती विचारून घेतली. हॅरिसविषयी वाचले तेव्हा मला हेवा वाटला तो त्याच्या कॅमेऱ्याचा नव्हे, त्याच्या वहीचा. जे मला उरलेल्या चौकटींत चोरून काढावे लागले, ते त्याला काम म्हणून नेमून दिले जात होते, कारण वृत्तपत्र त्याच्या लोकांचे होते. ‘मूकनायक’ १९२० साली का काढावे लागले, याचा हाही एक अर्थ आहे.

उरलेल्या चौकटींचा एकदा न्यायालयात उपयोग झाला. जाळपोळीच्या एका खटल्यात मी साक्षीला होतो. आरोपीच्या वकिलांनी विचारले, “हे छायाचित्र त्याच दिवशीचे कशावरून? यावर तारीख कुठे आहे?” तारीख नव्हती. पण निगेटिव्हची पट्टी मी कापलेली नव्हती. तिच्यावर आधी एका उद्घाटनाचा फलक होता, तारखेसह, आणि त्याला लागूनच पुढच्या चौकटींत जळालेली घरे. मंत्र्यांच्या फलकाने आमची तारीख सिद्ध केली. पुढे साक्षीदार फिरले आणि आरोपी सुटले, तो भाग निराळा.

आज पट्टी नाही. त्यामुळे नव्या मुलांना दोन गोष्टी सांगतो. मोबाईलवर काढलेली मूळ प्रत पुसू नका. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून वेळ-ठिकाणाच्या नोंदी निघून जातात. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या त्रेसष्टाव्या कलमाप्रमाणे अशा पुराव्याला ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते, तेव्हा कोणी, कशावर आणि केव्हा काढले हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. बहिष्कारासंबंधी तर अधिकच. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, सामाजिक वा आर्थिक बहिष्कार हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली स्पष्ट गुन्हा झाला आहे. गिरणीवरून परत आलेले पोते हा आता पुरावा आहे. १९९१ साली ते कडेचे म्हणून कापले गेले.

निगेटिव्ह माझ्याकडे कशा राहिल्या, असे काही जण विचारतात. कचेरीने जागा बदलली तेव्हा रद्दीबरोबर त्या निघाल्या होत्या. मी दोन पोत्यांत भरून घरी आणल्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाने, वेगळा करार नसेल तर, नोकरीतल्या छायाचित्रकाराच्या कामाचा वृत्तपत्रात छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि बाकीचा पहिला हक्क काढणाऱ्याचा असतो. हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. रद्दीवाल्याला चहाचे पैसे दिले, एवढेच. पावसाळ्यात काहींना बुरशी धरली, तरी पुष्कळ शाबूत आहेत.

गेल्या वर्षापासून दर रविवारी मी त्यांच्या प्रती काढून वस्तीतल्या विहारात सतरंजीवर मांडतो. माणसे येतात, ओळखतात. कुरडया मोडणारी ती पोर आता स्वतः आजी आहे, फोटो पाहून म्हणाली, “मार बसला होता त्या दिवशी.” दिव्याभोवती बसलेल्या सात मुलांपैकी पाचांची नावे मिळाली. प्रत्येक नाव मी पाकिटावर शाईने लिहितो, डावीकडून.

जात्यावरच्या आजींच्या गावालाही जाऊन आलो. त्या केव्हाच वारल्या. नात भेटली, शाळेत शिक्षिका आहे. संक्रांतीच्या पुरवणीतले ते कात्रण त्यांच्या घरी चौकटीत लावलेले होते. घरात सगळ्यांना ते कौतुकाचे वाटत आले होते. मी पिशवीतून पूर्ण छायाचित्र काढून दिले, पोत्यांसह, तिच्या आईसह. तिने ते बराच वेळ पाहिले. आजीचे नाव पाकिटावर आणि पुढे कुठे छापले तर तिथे लिहू का, असे मी विचारले. ती म्हणाली, “लिहा. पण थांबा काका, आईला विचारते आधी. फोड तिच्या हाताला आलेत.” तिचा निरोप अजून यायचा आहे. पाकिटावर दोन नावांची जागा कोरी ठेवली आहे.